दुधाच्या वहीत

बोहरी आळीत चाळीस लिटरचं पातेलं घेतलं
तेव्हा दुकानदाराने झाकण वाजवून विचारलं,
"कार्य कुठलं? किती पानांचं?"
मी म्हणालो, बारसं.
तसं अगदी खोटंही नव्हतं ते.

धायरीत, तिसऱ्या मजल्यावर,
दोन शेगड्या मिळून सांभाळतात ते पातेलं.
बार्लीचा भरडा पासष्ट अंशांवर, तासभर,
ना खाली ना वर.
भोसरीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
मी लोकांचे थर्मामीटर खरे आहेत का ते तपासतो;
माझा घरचा दोन अंशांनी खोटा निघाला.

आधी वास गोड, गुऱ्हाळाच्या चुलवणासारखा,
मग हॉप्स पडले की कडू, हिरवा,
कडुनिंबाच्या चुलतभावाचा.
शेजारच्या हुपरीकर काकूंनी बेल वाजवली, "काही करपलं का?"
आई दारातूनच म्हणाली, "त्याचा काढा चाललाय."
कशावरचा, ते तिने सांगितलं नाही.
मला तर कधी विचारलंच नाही.

तिच्या धाकट्या भावाचं नाव
आमच्याकडे भांडी घासतानाच निघतं, नळाच्या आवाजाखाली.
सासवडचं सात गुंठे रान
आप्पामामाने गुत्त्यावर ग्लासाग्लासाने मोजून दिलं.

पहिली खेप मेली. दुसरीही.
बादलीवरची नळी गप्प, पाण्यात एक बुडबुडा नाही.
मी घनता मोजली, पुस्तक चाळलं,
यीस्टच्या पाकिटावरची तारीख भिंगातून वाचली.
आई मेथी निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"कढत दुधात विरजण लावतं का रे कुणी?"

तिसऱ्या वेळी थांबलो.
पातेलं टबात, भोवतीचं पाणी चारदा बदललं,
बोट बुडवायचा मोह आवरला,
तापकऱ्याच्या कपाळाला लावावी
तशी हाताची पाठ बाहेरून लावून पाहिली.
मध्यरात्री नळीतून: डुब्.
बऱ्याच वेळाने पुन्हा, डुब्.
मधले सेकंद मोजले. अठरा.
कारखान्याची सवय.

जानेवारीत पारा नवावर आला
आणि माझी रात्रपाळी.
कंपनीच्या बसमध्ये वाटत राहिलं,
गारठून तळाशी बसली असेल सगळी.
सकाळी दार उघडलं तर बादलीला
आईचा मरून स्वेटर, सगळी बटणं लावलेली,
वर कानटोपी, नळी तेवढी बाहेर.
ती शालीत गुरफटून चहा गाळत होती.
"थंडीत लागत नाही लवकर," म्हणाली,
जसं काही दह्याचंच चाललंय.

महिनाअखेर दुधाचा हिशेब काढला.
बारा तारीख, अर्धा लिटर.
तेरा, एक लिटर. चौदा, खाडा.
आणि समासात, पेन्सिलीने, तिच्या तिरक्या अक्षरात:
रात्री ११ — ७
रात्री २ — ९
पहाटे ४॥ — ९. बरं आहे.

मी वही मिटली. पुन्हा उघडली.
कडी वाजेपर्यंत जागायची तिला सवय होती,
सासवडच्या घरापासूनची.
ही जाग मात्र कुणी घरी यावं म्हणून नव्हती.
की होती, कोण जाणे.

बाटल्या भरल्या. एक दिवाणाखाली फुटली,
हुपरीकर काकू पुन्हा बेलवर.
फेब्रुवारीतल्या एका रविवारी लोंढे येणार होता चाखायला,
तो यायच्या आत आईने चपला घातल्या, पिशवी घेतली.
भरदुपारी भाजी कुठली मिळणार होती तिला.
दारात थांबली.
"फेस धरला का?"
मी ग्लास उजेडाकडे धरला.
"धरलाय."
"मग एकच घे,"
आणि लिफ्ट सोडून जिन्याने निघाली.
फेस बसेपर्यंत
तिची पावलं ऐकत उभा राहिलो.